रजेची ओळ

सातारा, १२ मे २०२५

पूजा,

घाबरू नकोस. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं तरी आत वाईट बातमी नाही. सगळे बरे आहेत. मला तुझ्याकडे एक मागायचं आहे आणि फोनवर मागता येत नाही. तू ‘हॅलो’ म्हणालीस की माझा घसा बंद होतो. मागच्या वर्षी दोनदा तसं झालं. ते दोन राँग नंबर मीच होते.

परवा तुझ्या भावाचा, अमृतचा, ह्यांना फोन आला. शिवांजलीचं नाव सैनिकी शाळेच्या यादीत लागलं, सहावीला, साताऱ्यात, हॉस्टेलसकट. हे फोन ठेवून उठले, बूट घातले आणि कुठे जाता म्हणून विचारलं तर काही न बोलता निघून गेले. तासाभराने आले.

“कुठं गेलावता?” म्हटलं.

“शाळंचं गेट बघून आलो.”

“आज नवीन बघितलं व्हय?”

“न्हाय. हाय तिथंच हाय,” म्हणाले आणि पाणी मागितलं.

तुझे दादा अजून तसेच आहेत, सुभेदार म्हणून रिटायर झाले तरी. आनंद झाला की तोंड न उघडता पायाने चालतात.

अमृत म्हणाला की फॉर्ममध्ये ‘स्थानिक पालक’ असा रकाना आहे. ज्याचं नाव तिथे असेल त्याने महिन्यातून एका रविवारी मुलीला दहा ते पाच घरी न्यायचं, ताप आला तर शाळेने त्यालाच फोन करायचा. तुझ्या कुपवाडच्या ऑफिसातल्या कुणाची तरी मावशी साताऱ्यात असते, तिचं नाव घालायचं तुझ्या मनात आहे म्हणे. पंधरा जूनपर्यंत फॉर्म द्यायचा आहे.

पूजा, त्या रकान्यात माझं नाव घाल. एवढंच मागायला लिहिते आहे.

धनाजीची लेक, ह्यांची सख्खी पुतणी, शाळेपासून चालत वीस मिनिटांवर माझं घर असताना रविवारी परक्याच्या सोफ्यावर अवघडून बसेल, हे मला पुन्हा पुन्हा दिसतं. पण मला दिसतं म्हणून तू करावंस असं नाही. अकरा वर्षांत मी तुझ्यासाठी काय केलं, असं तू विचारलंस तर माझ्याकडे दाखवायला काही नाही.

माझं म्हणशील तर मी क्रोशाचे वर्ग घेते. शाहूपुरीतल्या आमच्या पुढच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. नऊ बायका आणि एक पुरुष. त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज एवढं मागितलं तेच पुष्कळ झालं.

तुझी,
शालन अक्का

*

सातारा, २१ मे

पूजा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की हातातला टाका चुकतो. हल्ली तो सायकलवर येत नाही, स्कूटरवर येतो. मी अजून सायकलच म्हणते.

वर्गात साक्षी म्हणून एक मुलगी आहे. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे आणि रुखवतात मांडायला तिला पांढऱ्या दोऱ्याचं तोरण हवं आहे. शुक्रवारी तिने वैतागून सुई खाली ठेवली आणि विचारलं, “बाई, काही जणींचं पंधरा दिवसांत होतं आणि काही जणींचं वर्षभर रेंगाळतं. असं का होतं?”

मी तिला म्हटलं की सवयीने हात बसतो, मग वेग येतो. शिकवणाऱ्या बाईने द्यायचं उत्तर दिलं. पण तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे, आणि तुझ्याशी बोलायला दुसरा विषय मला सुचत नाही, म्हणून तोच घेते.

वेळ असणाऱ्यांचं लवकर होतं, हे खोटं. आमच्याकडे एक बाई आहेत, मुलं परदेशात, स्वयंपाकाला माणूस. त्यांचा टेबलक्लॉथ दुसरा पावसाळा बघणार. आणि एक नर्स आहे, ती वाईहून एसटीने येते-जाते. तिची तिसरी शाल चालली आहे. ती म्हणते, “बाई, लिंबखिंड आली की माझ्या दोन ओळी झालेल्या असतात. बसायला जागा मिळाली नाही तर मात्र तुमच्या शालीचं काही खरं नाही.”

गडद रंग मागे पडतात, काळ्या लोकरीत टाक्याचं घर दिसत नाही म्हणून. सुरुवात सगळ्यांचीच पळते. मधला भाग कुणाला आवडत नाही. तिथे नवीन काही शिकायचं उरलेलं नसतं आणि संपायलाही आलेलं नसतं. अर्धं झाल्यावर जी घरोघरी दाखवून येते तिचं तिथेच थांबतं. कौतुक आधीच मिळालेलं असतं ना. ज्याच्यासाठी विणायचं त्याच्यावर मनात राग असेल तर टाका आवळतो, सुई शिरत नाही, ओळीला दुप्पट वेळ लागतो. हे मी कुणाला सांगत नाही, पण टाका बघून मला कळतं की बाईचं सासूशी काय चाललंय.

सगळ्यात लवकर कोण संपवतं माहीत आहे? हंबीरराव. रिटायर हवालदार, आमच्या गल्लीतलेच. बायकोला सोडायला यायचे आणि बाहेर पायरीवर बसायचे. उन्हात कशाला बसता म्हणून आत बोलावलं, तर आठ दिवसांनी म्हणाले, “बाई, मला पण एक सुई द्या. नुसतं बसून हात गळाल्यात.” तीन दिवसांत नातवाची टोपी करून आणली. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, “घरातला बल्ब बदलायला ह्यांस्नी सा म्हैनं लागत्यात, आन हितं तीन दिसात टोपी!”

हंबीरराव सुई न थांबवता म्हणाले, “बल्बची आर्डर न्हवती. ही आर्डर हाय.”

“आन मी काय नुसतं इनंती अर्ज करतीया व्हय तिकडं?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग साक्षी माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुमचं स्वतःचं किती दिवसांत होतं?”

मी म्हटलं, “माझं होत नाही.”

तिला वाटलं मी विनय करते आहे. तसं नव्हतं. माझ्याकडे लोखंडी ट्रंक आहे, ह्यांचा फौजी नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली. तिच्यात मी विणलेल्या सतरा वस्तू आहेत. शाली, मोजे, माझ्या शिवतेजचे लहानपणीचे दोन स्वेटर. तो आता वीस वर्षांचा झाला, ते स्वेटर त्याच्या अंगात कधी गेलेच नाहीत. सगळ्यांची शेवटची ओळ राहिलेली आहे. वर्गातल्या बायकांना नमुना दाखवायचा असला की शेवटची ओळ मी त्यांच्याच हातात देते. त्यांना वाटतं, बाईंची शिकवायची पद्धत आहे.

ती ओळ का राहते हे तुला मी सांगायला नको.

शालन अक्का

*

सातारा, ३० मे

पूजा,

पंधरा तारखेला सोळा दिवस राहिले. मी मोजते आहे हे तुला कळावं म्हणून लिहिलं नाही, पण मोजते आहे.

गेल्या पत्रात मी ते अर्धवट सोडलं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी आज माझ्या हाताने लिहून काढते. कुणालाच मी हे कधी नीट सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

शिवतेज लहान असताना आम्ही झाशीला क्वार्टरमध्ये होतो. पलटण वर सरहद्दीवर, फील्डला गेली आणि आम्ही बायका मागे राहिलो. तिथे हिमाचलच्या एक सुभेदारीणबाई होत्या, त्यांनी आम्हाला सुई धरायला शिकवलं. दुपारी चारला बत्तीस क्वार्टरच्या मधल्या अंगणात आम्ही सतरंज्या टाकून बसायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “सब कुछ करना बहू, आखिरी लाइन अकेले मत करना. साहब छुट्टी पे आएँगे, तब।”

तो त्या पलटणीतल्या बायकांचा नेमच होता. शेवटची ओळ रजेची. नवरा रजेवर आला की समोर बसवायचा, लोकरीचा गुंडा त्याच्या हातात द्यायचा आणि तो लोकर सोडत जाईल तशी बाईने ती ओळ पुरी करायची. मोठे मोठे मिशाळ जवान पाटावर बसून गुंडा धरायचे. कुणाचा हातातून सुटून पळाला की सगळं अंगण ओरडायचं.

म्हणून तिथे कुणाचं किती दिवसांत होईल ते रजेवर असायचं. रजा मंजूर झाल्याचं कळलं की हात उडायचे. रजा कॅन्सल झाली की तीच बाई एका ओळीला आठवडा लावायची. शेवटापाशी पोहोचून नुसतं बसून राहणं तिला नको वाटायचं.

मी गावी परत आले, तू लग्न होऊन घरात आलीस आणि हे खूळ मीच तुला शिकवलं. तुला सातवा लागला तेव्हा तू पिवळ्या लोकरीचं दुपटं घेतलंस. तुझा हात सैल. टाके कसे ऐसपैस, अंगणात बसलेल्या बाईसारखे. नोव्हेंबरात सुरू केलंस आणि संक्रांतीला कड सोडून सगळं झालं होतं. शिंपल्यांची कड. धनाजी पंचवीस जानेवारीला रजेवर येणार होता. तू ते उशाशी घेऊन निजायचीस.

सोळा जानेवारी, गुरुवार. जेवणं झाल्यावर तू आतल्या खोलीत झोपलीस. तुझे हात सुजले होते, बांगड्या काढून ठेवल्या होत्यास. मी ते दुपटं घेतलं आणि बाहेरच्या सोप्यात बसून कड विणायला लागले. आत्या तांदूळ निवडत होत्या. दोनदा सासूच्या नजरेने माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शालन, तिचं तिला करू दे की गं.”

“हात सुजल्यात तिचं, आत्या. कवा करायची?”

“करंल धनाजी आल्याव. तुला काय घाई?”

मी पुढचा शिंपला घेतला. तू चारला उठलीस तेव्हा शेवटचा शिंपला झाला होता. माझा हात घट्ट, म्हणून कड जराशी आत वळली होती. तू दाराशी उभी राहून बघितलंस आणि म्हणालीस, “झालं व्हय, अक्का? बरं झालं.” घडी घातलीस आणि आत नेलंस.

आठव्या दिवशी फोन आला. रजेवर सुटलेल्या जवानांना खाली घेऊन येणारी गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली.

धनाजी गेल्यावर पाचव्या दिवशी तू ते दुपटं बाहेर काढलंस आणि भरल्या घरात, सगळ्या बायकांच्या मध्ये बसून, ती कड उसवलीस. शिंपल्यामागून शिंपला. माझ्याकडे बघितलंही नाहीस. उसवलेली लोकर बोटांवर गुंडाळत राहिलीस. तेराव्याला अमृत आणि तुझे वडील आले, तू बाळंतपणाला कवठे महांकाळला गेलीस आणि परत आली नाहीस.

मी बारशाला आले होते. तू आत होतीस. “बाळ झोपलंय,” असं अमृतच्या बायकोने सांगितलं. मी पाच मिनिटं बाळाचा पाय बघितला, तेवढाच दुपट्याबाहेर होता. दुपटं दुसरं होतं.

मी सगळ्यांना सांगत आले की पूजाने आम्हाला तोडलं. पण खरं तर मागच्या वर्षापर्यंत फोन मीही केला नाही. तुझे सुजलेले हात बघून मायेने मी ती ओळ केली होती. मायेने केलेल्या गोष्टीचा तू असा अर्थ लावलास, याचा मला रागही यायचा. हे मी आज लिहिते आहे म्हणजे राग गेला आहे.

मी अंधश्रद्धाळू नाही, पूजा. बर्फाला माझा शिंपला काय ठाऊक. पण हाताला हे कोण समजावणार? शेवटची ओळ आली की माझा हात थांबतो, त्याला अकरा वर्षं झाली.

शालन अक्का

*

सातारा, ३ जून

पूजा,

गेल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. चार दिवस ते मला टोचतंय. ते पत्र तुला आतापर्यंत मिळालं असेल, म्हणून हे मागोमाग.

मायेने नाही केली मी ती ओळ.

त्या आठवड्यात ह्यांचीही रजा येणार होती. आठवतं? दोघे भाऊ एकदम येणार म्हणून आत्यांनी करंज्यांचं सारणसुद्धा करून ठेवलं होतं. बुधवारी, पंधरा तारखेला, ह्यांचा फोन आला की रजा कॅन्सल, मार्चशिवाय नाही. मी तुला सांगितलं तेव्हा हसून सांगितलं. तू माझा हात धरून म्हणालीस, “येतील हो अक्का, मार्च काय लांब नाही.” तू चांगल्या मनाने म्हणालीस. पण तू म्हणत असताना तुझ्या मांडीवर ते पिवळं दुपटं होतं, आणि दहा दिवसांनी धनाजी पाटावर बसणार, गुंडा धरणार, मुद्दाम पाडणार, तू हसणार आणि मी चुलीपाशी बसून ते ऐकणार, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

दुसऱ्या दिवशी तू झोपल्यावर मी ती ओळ संपवून टाकली. तुझी रजेची ओळ राहू नये म्हणून. धनाजी येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायला तुझ्याकडे काही उरू नये म्हणून. आत्या तांदूळ निवडता निवडता सगळं समजून होत्या, म्हणून ‘तुला काय घाई’ म्हणाल्या. त्यांनी मरेपर्यंत तो विषय पुन्हा काढला नाही, आणि त्यांच्या न बोलण्याला मी फार भीत असे.

मी आयुष्यात एवढ्या लवकर काही विणलेलं नाही. पावणेदोन तासांत सगळी कड. साक्षीला मी सांगितलं होतं की हात सवयीने पळतो. तिला हे कसं सांगू की हेव्यानेही पळतो?

काल हे ह्यांना सांगितलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, रोज समोरासमोर जेवतो, पण हे सांगायला काल जमलं. त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “तिला लिहिलंस?”

“लिहिणार हाय. पर हे वाचून ती माझं नाव घालायची न्हाई.”

“न्हाई घालंल.”

“मग लिहू का नको?”

“त्या नावासाठी लिहिणार असशील तर नको लिहू,” म्हणाले. “तसंच लिहायचं असंल तर लिही.”

हे पत्र त्यांनी वाचलेलं नाही. रकान्याचं तू तुझ्या मनाने ठरव. त्या मावशींचं नाव घातलंस तरी मी काही म्हणणार नाही. एक मात्र कर, त्यांना सांग की शिवांजलीला पहिल्या रविवारी लवकर न्यायला जा. गेटपाशी सगळ्यांची माणसं येतात आणि ज्यांची उशिरा येतात ती मुलं रस्त्याकडे बघत उभी असतात. फिरायला जाताना मी ती मुलं बघितली आहेत.

माझं चुकलं, पूजा. धनाजी गेला त्यात माझं काही नव्हतं, हे मला कळतं. तुझ्या वाट्याचे दहा दिवस तुला नुसते वाट बघण्याच्या आनंदात मिळायला हवे होते. त्यातले आठच मिळाले, आणि त्या आठ दिवसांवरही मी हात टाकला. माझं चुकलं ते तेवढं.

शालन

*

सांगली, ९ जून २०२५

अक्का,

तुमची चारही पत्रं मिळाली. शेवटची दोन एकाच दिवशी आली. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, “ताई, हातानं लिवलेली पत्रं हल्ली कुणाला येत न्हाईत. कोर्टाचं लफडं न्हाई ना काय?” मी म्हटलं, “न्हाई ओ, जाऊबाईंची हायत.” तर म्हणाला, “म्हंजी कोर्टाचंच की.”

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर मालाची बिलं लिहिते, तसंच लिहिते.

कड तुम्ही हेव्याने केलीत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचा टाका इतका आवळलेला मी कधी बघितला नव्हता. शिंपल्यात सुईचं टोकसुद्धा शिरत नव्हतं. मला राग आला होता. संध्याकाळपर्यंत टिकला. मग वाटलं, त्यांची रजा गेली, बिचाऱ्या. हे आले की उसवायची आणि पुन्हा करायची, त्यात काय, असं मी ठरवून टाकलं होतं. फोनवर ह्यांना सांगितलंही. हे म्हणाले, “वैनीला बोलू नगं काय. मी धरतो गुंडा, तू पुन्ना कर.” तेव्हा तुम्ही म्हणता ते आठ दिवस माझे मला सगळे मिळाले, अक्का. तुम्ही काही घेतलं नाहीत.

मग मी पाचव्या दिवशी का उसवलं? तुम्ही तिथे होतात, तुम्ही बघितलंच असेल. येईल ती बाई माझे दोन्ही हात धरायची आणि रडायची. सकाळपासून रात्रीपर्यंत माझे हात कुणाच्या तरी हातात होते. सुजलेले होते, दुखत होते. हातात काम असलं की लोक हात धरत नाहीत, एवढंच मला कळलं. उशाशी ते दुपटं होतं म्हणून ते घेतलं. तुमच्याकडे बघितलं नाही म्हणता. मी तेव्हा कुणाकडेच बघत नव्हते.

तुम्ही अकरा वर्षं त्या ओळीपाशी बसून राहिलात. मला ठाऊक असतं तर मी आधी लिहिलं असतं. का नव्हतं लिहिलं, ते सांगते. तुम्ही तुमचं सांगितलंत म्हणून माझंही सांगते, नाहीतर हे मी कुणाला सांगणार नव्हते.

दादा आले होते ना तेव्हा, दिवसांना. दहाव्याचं झालं आणि दुपारी सोप्यात पुरुषमाणसं बसली होती. कुणीतरी ह्यांच्या लहानपणीची गोष्ट काढली, विहिरीत पडलेल्या बोकडाची. मी आतल्या खोलीत पडले होते. आणि दादा हसले.

दोघांचं हसू एकच होतं, अक्का. सुरुवातीला नाकातून आणि मग एकदम मोठ्याने. तुम्हाला कधी जाणवलं नसेल, तुम्ही दादांकडे बघत असताना ऐकायचात. मी भिंतीमागून ऐकलं. माझ्या मनात काही यायच्या आधी मी पदर सारखा करून अर्धी उठले होते. हे रजेवर आले म्हणून.

मग भिंतीला धरून तशीच उभी राहिले.

दादांनी काही चूक केली नव्हती. पण वर्षातून दोन महिने ते रजेवर येणार, सोप्यात बसून हसणार, आणि मी आत भाकरी थापत असणार. दर वेळी अर्धी उठणार आणि खाली बसणार. मला ते जमणार नव्हतं. म्हणून गेले. बारशाला तुमच्याबरोबर दादाही असतील असं वाटलं म्हणून बाहेर आले नाही. कारण सांगायची लाज वाटली. जाऊबाईंचा नवरा जिवंत आहे म्हणून घर सोडलं, असं कोण सांगेल? तुमचा हेवा दोन तासांचा. माझा बघा केवढा आहे.

फॉर्म आज दिला. रकान्यात तुमचं नाव लिहिलं आहे, शालन जोतीराम, नातं काकू. मावशींचं नाव मी कधी घालणारच नव्हते, ते अमृतने तुम्हाला हलवायला सांगितलं असेल. तो तसाच आहे.

शिवांजली उंच आहे, आनंद झाला की तीही तोंड न उघडता घरभर पायाने चालते. नवीन माणसाशी पहिला तासभर बोलत नाही, मग थांबत नाही. अंडं खाते, वांगं खात नाही. तिच्या बापाबद्दल कुणी हळहळून बोललं की तिला राग येतो, तेव्हा तुमच्या गल्लीतल्या बायकांना तेवढं सांगून ठेवा. तिला मी फोटो सगळे दाखवले आहेत. युनिफॉर्ममधला, लग्नातला, बोकडाबरोबरचाही एक आहे. ती विचारते, “बोलायचे कसे? हसायचे कसे?” मी म्हणते, तुझ्या काकांसारखे. पण काका दाखवले नाहीत. माझ्यामुळे तिचं तेवढं राहिलं.

पहिल्या रविवारी तिला घरी आणाल तेव्हा दादांना यातलं काही सांगू नका. सांगितलंत तर ते मोजूनमापून हसतील. त्यांना त्यांचं बसू दे, कुणाशी तरी बोलू दे. ती जवळपास असेल एवढं फक्त बघा.

त्या दिवशी संध्याकाळी मी फोन करीन. तुमचा घसा बंद झाला तर होऊ दे. मी बोलत राहीन.

पूजा